चोख्खं

अच्छाडच्या नाक्यापासून थोडं आत, ट्रकांच्या रांगेला पाठ करून उभ्या असलेल्या त्या कारखान्यात वर्षा सावे नोकरीला लागली तेव्हा तिला पहिली किळस आली ती वासाची. रेझिनचा तो आंबूस-गोडसर वास केसांत बसायचा, डब्यातल्या भाजीत उतरायचा, रात्री उशीला यायचा. पण नाक हा मोठा निर्लज्ज अवयव आहे, महिन्याभरात रुळतं. माणसांची किळस यायला तिला जास्त वेळ लागला. ती आली, आणि मग गेलीच नाही.

कारखान्यात फायबरचे पॅनेल बनत. वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये उभ्या पट्ट्या. सगळं एकमेकांना चिकटवलेलं. खिळा नाही, नट नाही, बोल्ट नाही. जे काही धरायचं ते गोंदाने धरायचं. गोंद म्हटलेलं मात्र मॅनेजर दिपकभाईंना खपत नसे. "ॲडहेसिव्ह म्हणा, वर्षाबेन. गोंद पोरं शाळेत लावतात." माणूस गोड बोलायचा, सगळ्यांना बेन आणि भाई करायचा, गुटख्याची पुडी दाताने फाडून कागद तिथंच टाकायचा, आणि येणाऱ्या पाहुण्याला सांगायचा की आमच्याकडे क्वालिटी म्हणजे देव.

त्या देवाची पुजारीण वर्षा. तिचं काम चिकटवलेलं तोडून बघायचं. सरावलीला घरी तिचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, आल्या-गेल्याला हसत सांगत, "आमची पोरगी जोडलेलं मोडायचा पगार घेते." वर्षाला ते आवडायचं, कारण ते खरं होतं. लॉटच्याच फळीतून कापलेल्या दोन नमुना-पट्ट्या चिकटवताना एका टोकाला मध्ये टेफ्लॉनचा पातळ कागद ठेवायचा, म्हणजे तेवढी जागा चिकटत नाही आणि चिरेला तोंड मिळतं. मग ती दोन टोकं मशीनच्या जबड्यांत धरायची आणि हळूहळू फाकवत न्यायची. चीर पुढे सरकते. किती जोर लागला, किती फाकलं, चीर कुठवर गेली, हे लिहायचं. त्यातून एक आकडा निघतो. तो जोडाचा चिवटपणा. मजबुती वेगळी, चिवटपणा वेगळा. काच मजबूत असते, पण एक तडा गेला की संपली. चिंचेच्या ओंडक्यात कुऱ्हाड अडकून बसते, तडा गेला तरी ओंडका हार मानत नाही. चिकटवलेल्या जोडात कुठंतरी बारीक चीर असतेच. ती थांबते की धावते, एवढाच प्रश्न असतो.

आकड्याआधीही एक गोष्ट डोळ्यांना कळते. जोड उघडल्यावर दोन्ही पट्ट्यांवर गोंद राहिला असेल, खरबरीत, ओरबाडल्यासारखा, तर गोंद स्वतः फाटला, पण त्याने फळी सोडली नाही. तो जोड चांगला. एक पट्टी गोंदाने भरलेली आणि दुसरी कोरी करकरीत, तर गोंदाने फळी धरलीच नव्हती. तो नुसता शेजारी बसला होता.

२०१७च्या मे महिन्यात कारखान्यात एकच घाई होती. वेवजीच्या बाजूला एका पाड्यासाठी साकव बांधायचा होता. पाड्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये ओढा. उन्हाळ्यात दगडांवरून जाता येतं, पावसात चार महिने पाडा पलीकडे आणि शाळा, दवाखाना, रेशन अलीकडे. मुंबईच्या कुठल्यातरी ट्रस्टने खर्च उचलला होता. दोन लोखंडी गर्डर बसले होते. त्यांच्यावर पायाखाली घालायचे ते पॅनेल वर्षाच्या कारखान्याचे. हिवाळ्यात पहिला लॉट झाला तेव्हा वर्षाने जोड तोडून बघितले होते. दोन्ही बाजू खरबरीत, आकडा उत्तम. तिने डोळे मिटून सही केली असती, पण तिला डोळे मिटायची सवय नव्हती. दुसऱ्या लॉटच्या वेळी मात्र घरात मावसबहिणीचं लग्न आलं.

ती सरावलीत मांडवात होती. बाहेर बँडवाला जीव खाऊन वाजवत होता, आत बायका तिच्या हाताला मेंदी लावत होत्या, आणि फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता. पलीकडे चिमण. मशीनवरचा हा पोरगा संजाणचा, घरी गुजराती, कारखान्यात मराठी, आणि घाईत दोन्हींची भेळ.

"चिमण, जोड उघडले का? आतून कसं दिसतंय?"

"उघडले ना, बेन. बद्धाच चोख्खं, सगळेच!"

"चोख?"

"एकदम चोख्खं. बघाल तर बघतच राहाल."

वर्षा हसली. आकडे काय, परत आल्यावर मांडता येतील. तिने दिपकभाईंना फोन करून सांगितलं, "चिमणने बघितलं. जोड चोख आहेत." त्या संध्याकाळी पॅनेल टेम्पोत चढले.

डहाणू-तलासरीत जन्म काढलेल्या माणसाला चोख्खं म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. भाजीवाली चोख्खी भाजी म्हणते, वाणी चोख्खं तूप म्हणतो. स्वच्छ, निर्मळ, ज्याला काही लागलेलं नाही असं. वर्षालाही लहानपणापासून ठाऊक. पण कानालाही लग्नाची घाई असते. त्याने गुजराती शब्द ऐकला आणि मराठी ठेवून घेतला. चोख, म्हणजे काम नीट, बोट ठेवायला जागा नाही असं.

लग्न उरकून ती कामावर आली. टेबलावर चिमणने जोड नीट मांडून ठेवले होते. तिने पहिली जोडी उचलली आणि उजेडात धरली. एका पट्टीवर गोंदाचा अख्खा थर, गुळगुळीत, वरून हात फिरवावा असा. दुसरी पट्टी चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी. दुसरी जोडी तशीच. तिसरी तशीच.

"हेच तर सांगितलं मी तुम्हाला," चिमण म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "चोख्खं सुटलं, असं. एक कण पण नाय चिकटला. मला वाटलं, तुम्ही लगेच गाडी थांबवाल."

वर्षाला त्याच्यावर ओरडताही येईना. पोराने बघितलं ते खरं सांगितलं होतं. तिने मशीनने टिपलेले आकडे काढले. हिवाळ्यातल्या चिवटपणाचा जेमतेम चौथा हिस्सा.

असं का झालं, हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. गोडाऊनच्या कोपऱ्यात गाड्यांना चकाकी आणायच्या पॉलिशचे रिकामे डबे पडले होते. चिकटवण्याआधी फळ्या घासून खरबरीत करायच्या असतात. घासल्या की त्या मळकट दिसतात. ट्रस्टची माणसं मध्ये एकदा येऊन गेली, आणि दिपकभाईंच्या मनाने घेतलं की साकव फोटोत चमकला पाहिजे. म्हणून घासणं बंद, आणि फळ्यांना वरून पॉलिश. पॉलिश केलेल्या फळ्या एकावर एक रचल्या. एकीची चकाकी दुसरीच्या पोटाला लागली, आणि नेमक्या त्या पोटाला गोंद लावला. तेलकट ताटावर कागद चिकटवा, तसा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात तो हा वाळा, आणि त्यावरून माणसं चालणार होती.

ती दोन पट्ट्या घेऊन तडक केबिनमध्ये गेली. दिपकभाई जेवत होते. त्यांनी एका हाताने पापड मोडला आणि दुसऱ्या हाताने तिला बसायची खूण केली.

"पॅनेल परत आणा," वर्षा म्हणाली. "जोड धरलेले नाहीत. वरची फळी सुटली की नुसती खालची पातळ फळी राहते. माणूस खाली जाईल."

"पण तुम्हीच चोख म्हणाला होता ना?"

"माझी ऐकण्यात चूक झाली. आता हे डोळ्यांनी बघा."

दिपकभाईंनी बघितलं. बघितलं म्हणजे पट्टी उचलली, कोऱ्या बाजूवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फिनिशिंग काय आलंय!" अंगठ्याला आमटी होती. ती पट्टीला लागली. वर्षाने ती ओढून घेतली.

"वर्षाबेन, टेन्शन घेऊ नका. अनिकेतला आकडा पाठवा. मॉडेल काय बोलतं ते बघू. आपण काय सायन्सच्या बाहेर आहोत?"

अनिकेत हा ठाण्यातला सल्लागार. त्याच्या संगणकात साकव आधीच बांधून तयार होता. त्यावर माणसं उभी करायची, चीर कुठून सुटते, किती धावते हे बघायचं, हे त्याचं काम. काम तो मन लावून करायचा, पण मॉडेल हे जात्यासारखं असतं. वरून जे घालाल त्याचंच पीठ पडतं. त्याने हिवाळ्यातला चिवटपणा घालून पास म्हणून कळवलं होतं. वर्षाने नवा आकडा पाठवला तसा त्याचा फोन आला.

"मॅडम, हा आकडा घातला तर टोकाकडची पॅनेल उघडतात. चार-पाच माणसं एकत्र आली तरी चीर थांबतच नाही."

"तेच तर. तसं लिहून द्या."

मग तो म्हणाला, "दिपकसर म्हणतात दोन्ही लॉटची सरासरी घ्या. सरासरीने पास होतंय."

"अनिकेत, अर्धा पेला दूध आणि अर्धा पेला गटाराचं पाणी. सरासरी काढून पिशील का?"

"मॅडम, मला पण कळतं हो. पण मला सांगितलं तेवढंच मी करतो ना." आणि त्याने फोन ठेवला. हे 'मला पण कळतं' वर्षाला सगळ्यात जास्त झोंबलं. न कळणाऱ्याची कीव तरी करता येते. कळून हात पुसणाऱ्याचं काय करायचं? सरासरीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. रंगीत चित्रं होती त्यात, साकव हिरवागार.

तिने मालकांना फोन केला, ते परदेशात होते. ट्रस्टच्या ऑफिसात केला, तिथल्या बाईंनी अतिशय नम्रपणे तिला कारखान्याच्या मॅनेजरशी बोलायला सांगितलं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि सगळे एकमेकांना आभाराचे मेसेज पाठवत होते. वर्षाला जेवण जाईना. घरात आईने विचारलं, पोटात बिघडलंय का. "हो," ती म्हणाली, "पोटातच." तिच्या एका शब्दावर टेम्पो सुटला होता. पाऊस महिन्याच्या आत येणार होता, आणि त्या पाड्यातली झाडून सगळी माणसं त्या फळ्यांवरून जाणार होती. एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. दिपकभाईंनी निरोप दिला होता, साडी नेसून या, फोटोत लेडीज पाहिजे. वर्षा साडी नेसून गेली. चिमणच्या बाईकवर मागे बसून गेली, आणि पर्समध्ये एक पटाशी आणि एक हातोडी घेऊन गेली.

ओढ्याच्या अलीकडे मांडव, खुर्च्या, लाल रिबन, बुंदीचे लाडू. ट्रस्टचे मुख्य पाहुणे आले होते, गोरेपान, पांढरे बूट घातलेले, स्वतः मोठे कारखानदार. साकव उन्हात खरोखरच चमकत होता. पलीकडच्या तीरावर पाड्यातली माणसं उभी होती. त्यांना सांगून ठेवलं होतं की पाहुणे साकवावरून चालत येतील, मग तुम्ही. सगळ्यांच्या पुढे बारकी उभी होती, पाड्यातली म्हातारी. तिच्या हातात पाण्याचा लोटा होता आणि पानावर हळद. येणाऱ्याचे पाय धुवायचे, हळद लावायची, मग त्याला पाड्यात घ्यायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

भाषण संपलं. पाहुणे कात्री घ्यायला वळले, तेवढ्यात वर्षा पुढे झाली. साकवाच्या अलीकडच्या टोकाला तिने गुडघे टेकले, पहिल्या पॅनेलच्या कडेला, वरची फळी आणि उभी पट्टी यांच्या सांध्यात पटाशीचं टोक ठेवलं आणि हातोडी हाणली.

दुसऱ्याच्या कामात पाचर मारणारी माणसं गावोगाव असतात. ही पाचर मात्र खरीखुरी लोखंडाची होती, आणि ती मारण्यात लपवाछपवी नव्हती. चांगल्या जोडात पटाशी अडली असती. इथं ती लोण्यात शिरावी तशी शिरली. टर्र असा आवाज झाला आणि फळी कडेपासून सुटत पार आतपर्यंत गेली. वर्षाने दोन्ही हातांनी ती वर उचलून धरली. पोट कोरं, लखलखीत. पाहुण्यांचा चेहरा त्यात दिसत होता.

"अरे, अरे, काय करता हे!" दिपकभाई धावत आले. "साहेब, हिचं डोकं ठिकाणावर नाय. हिनेच फोनवर जोड चोख आहेत म्हणून सांगितलं होतं. विचारा, विचारा हिला!"

"सांगितलं होतं," वर्षा म्हणाली. "कामावर परत आल्यावर चूक कळली ती पण सांगितली. यांना सांगितली, मॉडेलवाल्याला सांगितली, तुमच्या ऑफिसला सांगितली. आता तुम्हाला दाखवतेय. हा जोड धरलेला नाही, साहेब. या लॉटमधला एकही नाही."

पाहुणे मूर्ख नव्हते. त्यांनी खाली वाकून बघितलं. बोटाने कोरी बाजू चोळली, बोट नाकाशी नेलं. त्यांना पॉलिशचा वास कळला. ते सरळ उभे राहिले, साकवाकडे बघितलं, खालच्या दगडांकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे.

"सगळ्याच अशा?"

"या लॉटच्या सगळ्या."

वर्षाला वाटलं, संपलं. आता तरी संपलं. छातीवरचा दगड उतरला होता.

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. कॅमेरावाल्याकडे बघितलं. मग दिपकभाईंना हळू आवाजात म्हणाले, "असं करू. वर कुणी जायला नको. रिबन इथूनच कापू. दुरुस्तीचं तुम्ही नंतर बघून घ्या."

"एकदम बरोबर, साहेब," दिपकभाई म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर रंग परत आला. त्यांनी पायाने ती सुटलेली फळी खाली दाबली. ती चपखल बसली, कधी उघडलीच नव्हती अशी.

"निदान बंद आहे म्हणून पाटी लावा," वर्षा म्हणाली.

"पाटी फोटोत येईल ना, ताई," पाहुणे समजुतीने म्हणाले. "आधी फोटो होऊ दे."

रिबन कापली. टाळ्या झाल्या. सगळे साकवाच्या अलीकडे दाटीवाटीने उभे राहिले, कुणाचाही अंगठा फळीवर जाणार नाही इतक्या बेताने, आणि हसले. फोटो निघाले. लाडू वाटले. एका बशीत वर्षासाठीही दोन लाडू आले. ते तुपाने चमकत होते, आणि तिला त्यांच्याकडे बघवेना. आपण या माणसांबरोबर एका छताखाली बसतो, एका नळाचं पाणी पितो, या विचाराने तिच्या अंगावर शहारा आला. बशी तिने तशीच जमिनीवर ठेवली. गाड्या एकामागोमाग एक धूळ उडवत निघाल्या. शेवटच्या गाडीत दिपकभाई होते. पाटी लावायची कुणाच्या लक्षात राहिली नाही.

पलीकडे पाडा अजून उभाच होता. माणसं एकमेकांकडे बघत होती. पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. रिबन तर कापली. म्हणजे साकव आपला झाला असणार. पोरांनी गलका केला. बारकीने लोटा सावरला आणि साकवाकडे पाऊल उचललं.

"थांबा, मावशी!" वर्षा ओरडली. ती साडी वर खोचून धडपडत ओढ्यात उतरली, दगडांवरून पलीकडे चढली आणि बारकीच्या समोर आडवी उभी राहिली. धाप लागली होती. गोंद, चीर, चिवटपणा, पॉलिश यातलं काय आणि कसं सांगावं तिला सुचेना.

"का थांबवतेस, बाय?" बारकीने विचारलं. "रिबीन कापली ना त्यांनी? आता पाऊस आला का आमाला जायाचा याच्यावरनं."

"जाऊ नका. फळ्या सुटतील."

"नवा हाय ना पूल? कसा चमकतोय." बारकीच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "त्ये मोठे लोक म्हनून नाय आले याच्यावरनं?"

"म्हणूनच नाही आले, मावशी."

"एकबी नाय?"

"एकही नाही. त्यांना सांगितलं, दाखवलं, म्हणून नाही गेले."

"आन आमाला सांगितला नाय."

बारकीने साकवावरून पलीकडे मांडवाकडे बघितलं. रिकाम्या खुर्च्या, उडणारे कागद, लाल रिबनचे दोन तुकडे. मग तिने पाय धुवायला आणलेल्या लोट्यातलं पाणी तोंडात घेतलं, खळखळून चूळ भरली आणि त्या चमकत्या फळीवर थुंकली. उरलेलं पाणी तिने तिथंच उपडं केलं, पानावरची हळद लुगड्याला पुसली, आणि नेहमीसारखी ओढ्याच्या दगडांकडे उतरायला लागली. तिच्या मागोमाग अख्खा पाडा वळला. साकवाला कुणी हातही लावला नाही.